आधी दुसऱ्या कुणाचे असलेले नाव

माझे नाव तेरेजा आहे असे सांगितले की समोरची व्यक्ती बहुधा मदर तेरेसांची आठवण काढते आणि मी हसून मान डोलावते, कारण खरे उत्तर एका वाक्यात मावणारे नाही. माझे नाव आजीचे, आजीचे नाव फ्रान्समधील लिझ्यू येथील संत तेरेजाचे, आणि मदर तेरेसांनीही धर्मभगिनी होताना आपले नाव तिथूनच घेतले होते. म्हणजे त्यांचे आणि माझे नाव एकाच घरून मागून आणलेले आहे, एवढेच आमचे नाते.

आजीच्या प्रार्थनापुस्तकात या संत तेरेजाचे एक चित्र असे. तपकिरी झगा, वर पांढरी शाल, छातीशी धरलेला क्रूस आणि त्यावर गुलाबांचा भार. बोटांच्या स्पर्शाने चित्राचे चारही कोपरे झिजून गोल झाले होते. त्या गुलाबांमुळे ही संत मला फार वर्षे गोडगोड, काहीशी मिळमिळीत वाटत राहिली, हे कबूल केले पाहिजे. पुढे तिचे चरित्र आणि तिने स्वतः लिहिलेल्या आठवणी वाचल्या तेव्हा हे मत बदलले, आणि त्याची सुरुवात तिच्या नावापासूनच झाली.

तिचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी आलाँसाँ येथे झाला. वडील लुई मार्तँ घड्याळजी होते आणि आई झेली लेस तयार करण्याचा व्यवसाय चालवीत असे. या दांपत्याच्या नऊ अपत्यांपैकी चार बालपणीच गेली. उरलेल्या पाच मुलींमध्ये ही सर्वांत धाकटी, पण तिचे नाव मात्र घरात नवे नव्हते. १८७० च्या ऑगस्टमध्ये जन्मलेली मेलानी-तेरेज ही बहीण दूध पाजण्यासाठी ठेवलेल्या दाईच्या हेळसांडीमुळे दोन महिन्यांच्या आतच दगावली होती आणि तिचेच नाव आईने या नव्या बाळाला दिले. हे बाळही काही आठवड्यांतच इतके खंगले की त्याला सेमाले या खेड्यातील रोझ ताये नावाच्या दाईकडे वर्षभराहून अधिक काळ ठेवावे लागले. गेलेल्या लेकीचे नाव पुन्हा हाक मारण्यासाठी वापरताना आणि पाठोपाठ दुसरी तेरेजाही हातची जाते की काय हे पाहताना त्या माउलीच्या मनात काय चालले असेल, याचा विचार मी आजवर अनेकदा केला आहे.

पुढची हकीकत नऊ वर्षांच्या तेरेजाची आहे. आई १८७७ मध्ये गेल्यावर कुटुंब लिझ्यूला आले होते आणि आईच्या जागी असलेली बहीण पोलीन कार्मेल या संघाच्या धर्मभगिनींच्या मठात जाण्याच्या तयारीत होती. आपणही तिथेच जायचे हे ठरवून टाकलेल्या या मुलीला एक काळजी पडली. मठात आधीच एक सिस्टर तेरेजा होती, मग आपले सुंदर नाव आपल्याला ठेवता येईल का? नाव सोडायचे नाही आणि बाळ येशूवर आपली फार भक्ती, तेव्हा ‘बाळ येशूची तेरेजा’ म्हणवून घेता आले तर किती बरे, असे तिच्या मनात आले. ही इच्छा तिने कोणाजवळही बोलून दाखवली नव्हती. तरीही मठप्रमुखांनी तिला भेटताना नेमके तेच नाव सुचवले. ९ एप्रिल १८८८ रोजी, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती मठात दाखल झाली.

मठातील तिच्या आयुष्यात वरून पाहता काहीच घडले नाही. सिस्टर सेंट पिएर या वृद्ध, आजारी भगिनीला संध्याकाळी जेवणघरापर्यंत नेण्याचे काम तिने आपणहून मागून घेतले. कमरपट्ट्याला धरून मागून चालायचे. जरा वेग वाढला की ‘पाडतेस मला’, कमी झाला की ‘तुझा हातच लागत नाही’ अशी बोलणी खायची. एके दिवशी म्हातारीला पाव कापणे जड जाते हे लक्षात आल्यावर तेही ती रोज करून देऊ लागली. गुलाबांच्या चित्रात न दिसणारी तेरेजा मला इथे भेटली. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, अवघ्या चोविसाव्या वर्षी, क्षयाने ती गेली. १९२५ मध्ये तिला संतपद मिळाले आणि १९९७ मध्ये तिची गणना ख्रिस्तसभेच्या धर्मपंडितांमध्ये झाली.

त्या मालिकेत तिच्या आधी स्पेनमधील आविला येथील संत तेरेजा बसलेली होती. सोळाव्या शतकात कार्मेल संघात सुधारणा घडवून आणणारी ही करारी स्त्री म्हणजे या नावाची मूळ मालकीण, असे म्हणायला हरकत नाही. नावाची व्युत्पत्ती कापणीच्या ग्रीक शब्दाशी जोडली जाते, पण त्यावर अभ्यासकांचे एकमत नाही आणि मला त्याची फारशी उत्सुकताही नाही. मृत बहिणीचे, थोर संताचे आणि मठातल्या आणखी कुणाचे असलेले नाव तिने आपले म्हणून किती हट्टाने जपले, यातच मला त्याचा अर्थ सापडतो.

लहानपणी रात्री वडिलांबरोबर घरी परतताना तिला आकाशात काही तारे रोमन ‘टी’ अक्षराच्या आकारात मांडलेले दिसले. माझे नाव स्वर्गात लिहिले आहे, असे तिने वडिलांना सांगितले, आणि मग पायांखाली न पाहता, वडिलांना वाट दाखवायला लावून, मान वर करून ती चालत राहिली. ते तारे आपल्या मृग नक्षत्रातले. मराठी माणूस ज्याला हरणाच्या पोटात रुतलेला बाण म्हणतो, ते तीन ठळक तारे त्या ‘टी’ची आडवी रेघ होतात. मी अनेकदा पाहिले आहे. देवनागरीत नाव लिहिणाऱ्या तेरेजाला त्यात ‘ते’ काही दिसत नाही, पण आडवी रेघ तेवढी शिरोरेषेसारखी सरळ आहे.