दोन कोष्टकांची वर्षे

रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले ते १ एप्रिल १९५७ रोजी; मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली ती ऑक्टोबर १९५८ पासून; आणि शेर-मणाचा व्यवहार कायद्याने संपला तो एप्रिल १९६२ मध्ये. वजनांच्या या बदलाच्या काळात मी नाशिकच्या आपल्या शाळेत पाचवी ते आठवीच्या वर्गांत शिकत होतो. अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहाव्यात, असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा स्नेहसंमेलने आणि सहली यांवर इतर माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा सरस लिहितील, असे वाटून मी मापांचा विषय निवडला. आमच्या तुकडीला जुनी आणि नवी अशी दोन्ही कोष्टके पाठ करावी लागली, आणि पुढे सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करताना त्या दोन्हींचा जो उपयोग झाला, त्याचे श्रेय आमच्या गणिताच्या सरांकडे जाते.

जुने कोष्टक म्हणजेही प्रत्यक्षात दोन कोष्टके होती. देशी कोष्टकात आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी. शिवाय धान्य मापायचे असेल तर दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली आणि सोळा पायल्यांचा मण. इंग्रजी कोष्टकात बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा यार्ड, २२० यार्डांचा फर्लांग, आठ फर्लांगांचा मैल. सोळा औंसांचा पौंड, ११२ पौंडांचे हंड्रेडवेट आणि वीस हंड्रेडवेटांचा टन. यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे. ‘सहा अडीच पंधरा’ हे आम्ही जितक्या सहजतेने म्हणत असू, तितक्या सहजतेने आज कोणी कॅल्क्युलेटरही काढत नसेल.

ही कोष्टके ओबडधोबड होती, असे म्हणण्याची पद्धत आहे. माझे वडील पंचवटीत किराणा मालाचे दुकान चालवत, त्यामुळे मला ते मत कधी पटले नाही. साध्या तराजूला एकच गोष्ट निर्दोषपणे करता येते, ती म्हणजे निम्मे करणे. दोन्ही पारडी समतोल झाली की शेरभर साखरेचे दोन अच्छेर होतात, पुन्हा समतोल केला की पावशेर, पुन्हा केला की अदपाव आणि आणखी एकदा केला की छटाक; वजनांचा संच हाताशी नसला तरी चालते. सोळा हा आकडा चार वेळा निम्मा करता येतो, दहा एकदाच निम्मा होतो आणि पाचावर अडतो. आजही गिऱ्हाईक पाव किलो मागते, परंतु पाव किलोचे वजन प्रमाणित संचात नाही आणि दुकानदार २०० व ५० ग्रॅमची वजने एकत्र ठेवतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, देशी वजने आणि देशी नाणी एकमेकांशी बांधलेली होती. मणाचे शेर चाळीस आणि रुपयाचे आणे सोळा. चाळिसाला सोळाने भागले की अडीच येतात. म्हणून ज्या जिनसेचा भाव मणाला जितके रुपये, तितकेच आणे तिच्या अडीच शेरांना पडत. गूळ बावीस रुपये मण असेल तर अडीशेरी बावीस आण्यांची, म्हणजे एक रुपया सहा आण्यांची. यात गुणाकार नाही आणि भागाकारही नाही. हा दुवा १ एप्रिल १९५७ रोजी तुटला. नाणे दशमान झाले, वजन मात्र चाळिसाच्या हिशेबात राहिले, आणि ती मधली काही वर्षे दुकानदारीला सर्वांत अवघड गेली. जुन्या पद्धतीला किंवा नव्या पद्धतीला नावे ठेवणाऱ्या मंडळींनी खरे तर या अर्ध्या बदलाला नावे ठेवायला हवी होती.

एका आण्याचे नेमके सव्वासहा नवे पैसे होतात, आणि पाव पैशाचे नाणे नव्हते. सरकारी तक्त्यानुसार एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे धरायचे. सरांनी हा तक्ता फळ्यावर लिहून विचारले होते की, एकेक आण्याच्या सोळा वस्तू एकदम घेतल्या आणि एकेक करून सोळा वेळा घेतल्या, तर फरक किती पडेल. एकदम घेतल्यास एक रुपया आणि सुट्या घेतल्यास शहाण्णव नवे पैसे, हे उत्तर निघाल्यावर वर्गात जो आनंद झाला तो गणिताचा होता की चार पैशांच्या फायद्याचा, हे सांगणे कठीण आहे. नाशिककरांचा या बदलाशी आणखी एक संबंध होता. भारताचा नकाशा असलेली नव्या पैशांतली टपाल तिकिटे नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली गेली होती, आणि ज्यांचे वडील प्रेसमध्ये नोकरीला होते ती मुले त्या दिवसांत भलतीच ऐटीत असत.

सरांची शिकवण्याची रीत अशी होती की, प्रत्येक उदाहरण दोन्ही पद्धतींनी सोडवायचे आणि मग दोन्ही रीतींत किती पायऱ्या लागल्या ते मोजायचे. पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि तीन फूट खोल हौदात किती वजनाचे पाणी मावेल? साठ घनफूट, घनफुटाला साडेबासष्ट पौंड हा आकडा पाठ असला पाहिजे, ३७५० पौंड, मग २२४० ने आणि ११२ ने भागून एक टन, तेरा हंड्रेडवेट आणि चोपन्न पौंड. आता तशाच बेताचा दीड मीटर लांब, सव्वा मीटर रुंद आणि एक मीटर खोल हौद घ्या. गुणाकार १.८७५ घनमीटर, म्हणजे १८७५ लिटर, म्हणजे १८७५ किलो पाणी. इथे पाठ करण्यासारखा आकडा एकही नाही. इंग्रजांनीही पाण्याचा आधार घेतला होता. १८२४ च्या त्यांच्या कायद्यात दहा पौंड पाणी म्हणजे एक गॅलन अशी व्याख्या होती, हे सर आवर्जून सांगत. परंतु गॅलन पौंडाशी जुळला तरी फुटाशी जुळला नाही, आणि अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा व ब्रिटिशांचा ४.५४६ लिटरचा राहिला. लांबी, आकारमान आणि वजन या तिघांना एकाच सूत्रात ओवणे, हे फ्रेंचांचे खरे काम आहे. दहाच्या पटी ही त्यातली सोय आहे.

फ्रेंचांची गोष्ट सरांनी एका ऑफ तासाला सांगितली होती. राज्यक्रांतीच्या धामधुमीत देलांब्र आणि मेशँ या दोन शास्त्रज्ञांनी १७९२ पासून काही वर्षे डंकर्क ते बार्सिलोना हे अंतर त्रिकोण पाडत मोजले. उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, ही मूळ कल्पना. त्यांच्या मोजणीवरून ठरलेला मीटर त्या कल्पनेपेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड भरला, पण तोच रूढ झाला. १९८३ पासून तर त्याची व्याख्या प्रकाशाच्या वेगावर आधारलेली आहे. आपल्याकडचा एक तपशील मला शाळा सोडल्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळला आणि सरांना तो सांगता आला असता तर बरे झाले असते, असे वाटले. किलोग्रॅमइतक्या वजनाचा ‘सेर’ प्रमाण मानणारा कायदा ब्रिटिश सरकारने भारतासाठी १८७१ मध्येच केला होता. तो अमलात आला नाही, आणि पुढे १९५६ चा कायदा होईपर्यंत देश वेगवेगळ्या शेरांवर चालत राहिला.

टूलरूममध्ये या दोन पद्धतींची गाठ लोखंडात पडली. आमच्याकडचा एक जुना लेथ इंची होता. त्याच्या लीड स्क्रूला, म्हणजे हत्यार पुढे सरकवणाऱ्या लांब स्क्रूला, इंचाला चार आटे (दर आट्याला ६.३५ मिलिमीटर) होते, आणि कामे मात्र मिलिमीटरमध्ये येऊ लागली होती. दीड मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) आटे पाडायचे तर चेंज गिअरचे, म्हणजे बदलता येणाऱ्या दातेरी चाकांचे, प्रमाण दीड भागिले ६.३५ असे लागते, आणि ते सोडवले की तीसास एकशे सत्तावीस येते. इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, आणि २५.४ म्हणजे १२७ भागिले ५. एकशे सत्तावीस ही मूळ संख्या असल्यामुळे तिचे आणखी तुकडे पडत नाहीत. अचूक उत्तर हवे असेल तर १२७ दातांचे गिअर बसवणे किंवा थोडी चूक पत्करणे, याखेरीज तिसरा मार्ग नाही. हे गिअर पाहिले तेव्हा मूळ संख्यांचा उपयोग काय, या आमच्या सातवीतल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पान्यांची कथा वेगळीच होती: मेट्रिक पान्यावर नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर लिहिलेले असते, तर व्हिटवर्थ या जुन्या इंची पद्धतीच्या पान्यावर बोल्टचा व्यास. त्यामुळे दोन्ही पाने एकाच पेटीत ठेवू नयेत, असा आमच्या विभागाचा अलिखित नियम होता. फॅब्रिकेशनवाले आणि बांधकामवाले अजून सूत मोजतात. आठ सुतांचा इंच, म्हणून तीन सूत सळई ९.५ मिलिमीटरची व्हायला हवी, पण तिच्या नावाने १० मिलिमीटरची सळई मिळते. चार सूत मागितली की १२.७ ऐवजी १२ ची मिळते. व्यवहार दोन्ही बाजूंना समजून घेतो आणि पुढे जातो.

जमिनीच्या बाबतीत व्यवहार इतका समजूतदार राहत नाही. मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरत आणि तिचेही सोळा आणे पाडत. साखळीचा चौरस म्हणजे १०८९ चौरस फुटांचा गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर आज क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा १०१.१७ चौरस मीटर, इतके ते जवळ आहेत की बोलताना दोन्ही एकच मानले जातात. परंतु एकर ४०.४७ आरचा असतो. तो ४० आर धरला की एकरामागे सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फुटांहून थोडी अधिक जागा हिशेबातून निसटते. द्राक्षबागेत वेलींच्या ओळी ठरवताना नऊ बाय पाच फूट या अंतराने एकरी ९६८ वेली बसतात, तिथे या फरकाने एकरी अकरा वेली इकडेतिकडे झाल्या तरी कोणी विचारणार नाही. गंगापूर रोडवरच्या जागेच्या भावाने मात्र तेवढ्याच तुकड्यासाठी भाऊ-भाऊ वकिलाकडे जातात.

शेवटचे उदाहरण पाण्याचे, कारण आपल्या गावात पावसाळ्याचे चार महिने दुसरा विषय नसतो. वर्तमानपत्रात पाऊस मिलिमीटरमध्ये येतो, गंगापूर धरणाचा साठा दशलक्ष घनफुटांत, विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) आणि शहराचा पाणीपुरवठा दशलक्ष लिटरमध्ये. रामकुंडापाशी पूर पाहायला गेलेली माणसे याखेरीज दुतोंड्या मारुतीच्या कमरेचे आणि छातीचे माप सांगतात, आणि खरे तर तेच सर्वांना तत्काळ कळते. धरणाची क्षमता साडेपाच हजार दशलक्ष घनफुटांहून थोडी अधिक आहे. शहराला रोज इतके दशलक्ष लिटर पाणी लागत असेल तर साठा किती दिवस पुरेल, हे साधे प्रश्नोत्तर २८.३१७ या आकड्याशिवाय सुटत नाही, कारण तेवढे लिटर एका घनफुटात असतात. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस किलोमीटरवर पडला तर १००० घनमीटर पाणी, म्हणजे दहा लाख लिटर होते. एक इंच पाऊस एका चौरस मैलावर पडला तर २३,२३,२०० घनफूट होते, आणि गॅलन काढायचे तर त्याला पुन्हा ६.२३ ने गुणावे लागते. आठवीच्या वर्गाला शाळेच्या गच्चीचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढायला लावावे आणि प्रत्येक चौरस मीटरवर मिलिमीटरभर पावसाचे एक लिटर पाणी येते एवढेच सांगावे. पाचशे चौरस मीटरच्या गच्चीवर वीस मिलिमीटर पावसाने दहा हजार लिटर पाणी जमते, हे उत्तर मुले वही न उघडता देतील, आणि मग तेच उत्तर फूट, इंच आणि गॅलन वापरून काढायला सांगावे, म्हणजे आमच्या सरांची पायऱ्या मोजण्याची रीत त्यांनाही वापरून पाहता येईल.