आमची वाटचाल : 80, 18 आणि 2

आमच्या लोकरी मोज्यांच्या प्रत्येक जोडावर पहिल्या दिवसापासून एकच पट्टी छापलेली असते : 80 टक्के मेरिनो लोकर, 18 टक्के नायलॉन, 2 टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा. या पट्टीपायी आमचा कारखाना एकदा बंद पडायची वेळ आली होती. तरी ती आम्ही काढली नाही. आज सगळं नीट चाललंय म्हणून हे लिहायला बसले आहे, पण लिहिण्याचं खरं कारण ती पट्टीच आहे.

सुरुवात 2006 ची. नाशिकला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या ह्यांनी लुधियान्याहून एक जुनं मशीन आणून बसवलं. पावणेचार इंची सिलिंडर, 96 सुया. लोक म्हणाले, एवढं जाडंभरडं मशीन कशाला आणलं, आता बाजारात 168 सुयांचे तलम मोजे चालतात. पण थंडीचा मोजा जाड सुताचाच लागतो, आणि जाड सूत कमी सुयांवरच नीट बसतं. ज्यांनी मशीन चालवलंय त्यांना सांगायला नको.

पहिली लोकर आम्ही इथलीच घेतली. सिन्नर भागातल्या धनगरांकडे दख्खनी मेंढीची काळी लोकर मिळते, वर्षातून दोनदा कातरणी होते. वाटलं, घरची लोकर, घरचा मोजा. तीन आठवड्यांत सुयांच्या जिभा तुटून ढीग झाला. दख्खनी लोकरीचा तंतू तीस मायक्रॉनहून जाड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात केस फार. घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही, पाऊस अंगावर घेते. पायाला मात्र ती टोचते आणि सुईत अडकते. मग 19 ते 22 मायक्रॉनच्या मेरिनो मेंढीच्या तलम लोकरीचं सूत लुधियान्याहून मागवायला लागलो. ते पहिले काळे चार जोड अजून कपाटात आहेत.

लिंकिंगच्या, म्हणजे मोज्याचं उघडं टोक जोडून बंद करणाऱ्या, मावशी पहिल्या दिवसापासून आमच्याबरोबर आहेत. आमच्या मशीनवरून मोजा उतरतो तेव्हा पुढून उघडी नळी असते, चवडा बंद करायचा राहतो. सरळ शिलाई मारली की बोटांवर जाड दोरी राहते, आणि बुटात आठ तास चाललं की तीच फोड आणते. मावशी लिंकिंगच्या चकतीवर एकेक फंदा एकेका काट्यावर चढवतात, एकही न चुकवता, आणि मग जोडतात. आतून हात फिरवला तर सांधा कळत नाही. "ताई, डोळ्यांनी नाही, बोटाच्या पेरानं मोजायचं," त्या नव्या मुलींना नाही, मला सांगायच्या. मी भागीदारीचा कागद कधी केला नाही, पण भागीदार कोण असं विचारलं तर मी त्यांचंच नाव घेईन.

आता नायलॉनचं. नुसत्या लोकरीच्या मोज्याची टाच एका मोठ्या ट्रेकमध्ये पातळ होते. लोकर ऊब देते, ओली झाली तरी ऊब धरून ठेवते, पण घासणं सोसत नाही. म्हणून लोकरीसोबत नायलॉन चालवायचं, आणि टाच व चवडा करताना त्याचा एक जादा धागा सोडायचा. टाच करताना सिलिंडर पूर्ण फिरत नाही, अर्ध्या सुयांवर मागेपुढे झुलतो. तो आवाज बदलला की मला स्वयंपाकघरात कळतं, टाच सुरू झाली. अठरा टक्के नायलॉन म्हणजे मोज्याचा कणा. ती भेसळ नव्हे.

पण आमच्याकडे चार वर्षं विक्री सांभाळणाऱ्या माणसानं नेमकी तीच भेसळ ठरवून आपला माल विकला. त्याला आम्ही घरातला मानला होता. दुकानं त्याला माहीत, डझनाचे भाव माहीत, कुणाला किती दिवसांची उधारी हेही माहीत. 2012 च्या दिवाळीनंतर तो गेला आणि पुढच्या हंगामात त्याचे मोजे आले. आमच्यासारखीच राखाडी-हिरवी पट्टी, आमच्यासारखंच खाकी पाकीट, आणि वर मोठ्या अक्षरांत : 100 टक्के शुद्ध लोकर. भाव आमच्या अर्ध्याहून कमी. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर गिऱ्हाईक काय करणार? एकावर शंभर लिहिलंय, दुसऱ्यावर ऐंशी.

मी एक जोड विकत आणला आणि अंगणात धागा पेटवला. लोकर जळते तेव्हा केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की आपोआप विझते, आणि राख बोटात चुरगळते. याचा धागा वितळला, काळा धूर आला आणि शेवटी कडक मणी झाला. ॲक्रिलिक, कृत्रिम धागा. शंभरातली एक टक्कासुद्धा लोकर मला त्यात दिसली नाही.

तो मणी कागदात गुंडाळून मी पुण्याच्या एका दुकानदाराकडे गेले. आमचा सगळ्यात मोठा व्यापारी. त्याच्यासमोर काडी ओढली, दोन्ही धागे जाळून दाखवले. तो शांतपणे बघत होता. म्हणाला, "वहिनी, तुमचं खरं आहे. पण गिऱ्हाईक लेबल वाचतं, राख वाचत नाही. तुम्हीपण शंभर लिहा." मी नाही म्हटलं. आठ दिवसांनी त्याच्याकडून 140 डझन माल परत आला. बाकीच्या दुकानांनी ते ऐकलं आणि तेही थांबले.

वर्षभरापूर्वीच आम्ही कर्ज काढून संगणकावर चालणारं नवं मशीन घेतलं होतं. त्याचे हप्ते, सुताची उधारी, आणि शेडमध्ये छपरापर्यंत परत आलेली खोकी. ऑक्टोबर ते जानेवारी हा आमचा धंद्याचा काळ, तो सगळा रिकामा गेला. चारपैकी दोन मुलींना घरी पाठवावं लागलं. मावशींनी तीन महिने पगार घेतला नाही, विचारलं तर म्हणायच्या, "हिशेब लिहून ठेवा." नवं मशीन 2014 च्या सुरुवातीला तोट्यात विकलं. जुनं 96 सुयांचं राहिलं, कारण त्याला कुणी विचारलंच नाही.

त्याच जानेवारीत सुभेदारसाहेब आले. निफाड तालुक्यातले, लष्करातून निवृत्त, घरची द्राक्षबाग. डाव्या पायाची करंगळी सियाचीनला गेलेली. दरवर्षी दोन जोड न्यायचे. आले की मोजा आधी उलटा करायचे, चवड्याच्या सांध्यावर अंगठा फिरवायचे आणि मगच पैसे काढायचे. त्या दिवशी खोकी बघून म्हणाले, "वहिनी, हा माल इथं का?" ह्यांनी सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, दोन जोड घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी जीप घेऊन आले आणि 30 डझन भरून नेले, रोख देऊन. द्राक्षवाल्यांसाठी. निफाडची थंडी ज्यानं पाहिली नाही त्याला वाटेल शेतकऱ्याला लोकरी मोजा कशाला. पारा उतरला की द्राक्षाचे मणी तडकायची भीती असते, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सुरू करायचं. त्यात वीज रात्रीची. गमबुटात पाय ओला होतोच. सुती मोजा एकदा भिजला की पाय बर्फ होतो. साहेबांनी गावोगाव हेच सांगितलं असणार. पुढच्या हंगामात आमचा निम्मा माल ट्रेकवाल्यांऐवजी शेतकऱ्यांकडे गेला. 2018 च्या डिसेंबरात निफाडला पारा दोन अंशांच्या आसपास उतरला, तेव्हा आम्ही दोन पाळ्यांत मशीन चालवत होतो.

मधली वर्षं बरी गेली. 2020 ला ट्रेक बंद झाले, तेही शेतकऱ्यांच्या जोरावर निघालं.

साहेबांकडून शिकले ते इथे लिहून ठेवते, कारण हिमालयात सांदकफूला किंवा हर-की-दूनला ट्रेकला जाणारी मुलं अजून तेच चुकतात. जाड मोजा घ्याल तर बूटही अर्धा नंबर मोठा घ्या. ठासून भरलेल्या बुटात रक्त फिरत नाही, आणि मग मोजा कितीही भारी असला तरी बोटं गारठतात. एकावर एक तीन मोजे घालू नका. झोपताना एक कोरडा जोड राखून ठेवा, तो चालताना कधीच वापरू नका. धुवायला कोमट पाणी आणि रिठा. डाग खाणारी पावडर लोकरही खाते. पिळू नका, गळ्याला चिमटा लावून टांगू नका, सावलीत आडवा वाळवा. उकळत्या पाण्यात टाकाल तर तो मोजा नातवाला होईल, आणि त्याची तक्रार आमच्याकडे आणू नका.

तो माणूस अजून धंद्यात आहे. त्याच्या पाकिटावर अजून शंभरच लिहिलेलं असतं. मला एकदा लग्नात भेटला, नमस्कार केला, मी केला नाही.

गेल्या दिवाळीनंतर सुभेदारसाहेबांनी मुलाबरोबर एक जुना जोड पाठवला. त्यांना आता बागेत उतरणं होत नाही. गळ्याचं इलॅस्टिक सैल झालं होतं, टाच शाबूत होती. मावशींनी नेहमीप्रमाणे तो उलटा केला, सांध्यावरून पेर फिरवलं आणि विचारलं, "हा आपल्या जुन्या मशीनवरचा ना?" नवा गळा लावून परत पाठवला. पट्टी धुऊन धुऊन पुसली होती, म्हणून आतल्या बाजूला नवी शिवून दिली.