तुम्ही विचारलंत म्हणून: उद्यमनगरात एअर रायफलचा हवेचा सिलिंडर भरून आणू का?

स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमधनं नेमबाजीचं ब्राँझ आणलं, तेव्हापासून पोराला आमच्या नेमबाजीच्या रेंजवर घेऊन येणारे पालक हमखास विचारतात, ‘सर, हवेसाठी इथं नंबर लावण्यापेक्षा उद्यमनगरात वेल्डिंगवाल्याकडनं ऑक्सिजन मारून आणला तर? दाब तो दाबच की!’

नाही. कधीच नाही. एअर रायफलच्या सिलिंडरमध्ये फक्त कोरडी, स्वच्छ हवा जाते, आणि हवेत ऑक्सिजन असतो 21 टक्के. शुद्ध ऑक्सिजन एवढ्या दाबानं आत घुसला की ओ-रिंगला (सांध्यातल्या रबरी कड्याला) लागलेला तेलाचा ठिपकाही पेटू शकतो. ठिणगी लागत नाही. वायू झपकन दाबला जाताना होणारी उष्णता पुरते. उद्यमनगरातल्या जुन्या वेल्डरलाच विचारा, तो ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलकट हात लावू देणार नाही.

आता भरायचं कसं? सावकाश. आमच्याकडच्या रायफलींचे सिलिंडर 200 बार दाबाचे आहेत. कारच्या टायरात सव्वादोन बार असतात, त्याच्या जवळजवळ नव्वदपट. रायफलमध्ये छर्रा नाही हे बघून सिलिंडर सोडवायचा, हवेच्या मोठ्या टाकीला जोडणाऱ्या अडॅप्टरवर हातानं बसवायचा आणि टाकीचा व्हॉल्व्ह इतकाच उघडायचा की बारीक ‘सीऽऽ’ ऐकू यावं. दाबाचा काटा मुंगीच्या पावलानं चढू दे. टाकी 300 बारची असली तर 200 ला आपणच थांबवायचं, ती आपणहून थांबत नाही.

मागच्या मे महिन्यात एका पोरानं गडबडीत व्हॉल्व्ह सर्रकन फिरवला. सिलिंडर हाताला चांगलाच गरम लागला. काटा 200 वर होता, अर्ध्या तासानं 180 वर आला. गळती नव्हती. हवा तापली होती, ती निवली.

भरून झालं की टाकी बंद करा, ब्लीड स्क्रू उघडा, मधे अडकलेली हवा ‘फुस्स’ करून निघून जाऊ द्या. मगच सिलिंडर फिरवा. आटे सुटत नसतील तर आत अजून दाब आहे असं समजा. पान्ह्याला हात लावायचा नाही, पुन्हा ब्लीड करायचं.

आणि सिलिंडरवरची तारीख वाचा. आंतरराष्ट्रीय नियमात जास्तीत जास्त 10 वर्षं धरतात, आणि ती बघण्याची जबाबदारी नेमबाजाची. परवा एका वडिलांनी हौसेनं जुनी रायफल विकत आणली. सिलिंडरवर 2011 कोरलेलं. मी भरला नाही. पोराचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवशी त्याला रेंजची रायफल दिली, आणि वडील नव्या सिलिंडरची चौकशी करायला बाहेर फोनवर गेले.