पहिला रॉक मिक्स, पाचवी आवृत्ती: बी कॉर्ड सापडला

मागच्या नोंदीत तिसऱ्या आवृत्तीबद्दल ‘आता किरकोळच काम उरलंय’ असं लिहिलं होतं. ते मागे घेते. गेल्या तीन आठवड्यांत मिक्स (वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं आणि गाणं जुळवून केलेलं एकत्र गाणं) बऱ्याच जणांना ऐकवला आणि त्यातल्या दोघांनी असं काही दाखवलं, की निम्मा प्रोजेक्ट पुन्हा उघडावा लागला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाणं मावसभावाच्या बँडचं, मराठी, सरळसोट रॉक, ई या पट्टीत. ड्रम सांगलीतल्या एका प्रॅक्टिस रूममध्ये चार माइकवर घेतले: किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (काठीने वाजणारा, कडक आवाजाचा) आणि वर टांगलेले दोन ओव्हरहेड. गिटार, बेस आणि गाणं माझ्या खोलीत, दोन इनपुटच्या इंटरफेसवर (माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडायचा डबा). सॉफ्टवेअर रीपर (६० दिवसांची चाचणी संपल्यावर गपगुमान लायसन्स घेतलं). हेडफोन एकच, मॉनिटर स्पीकर नाहीत. याआधी केंब्रिज म्युझिक टेक्नॉलॉजीच्या मोफत मल्टिट्रॅकवर (दर वाद्याचं वेगळं रेकॉर्डिंग) हात बसवत होते. तिथे काही बिघडलं तर रेकॉर्ड करणाऱ्याला नावं ठेवता येतात. इथे ती सोय नाही.

आधी बँडला ऐकवलं. गिटारवाल्याला गिटार कमी वाटली, बेसवाल्याला बेस, ड्रमरला स्नेअर. गाणाऱ्याला मात्र स्वतःचाच आवाज जास्त वाटला, ऐकून लाज वाटते म्हणे. सगळ्यांचं ऐकलं असतं तर फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) होते तिथेच राहिले असते, फक्त सगळं लाल दिव्यात, म्हणजे आवाज फाटण्यापर्यंत, गेलं असतं.

खरी गोष्ट घडली स्वयंपाकघरात. आई मेथी निवडत बसली होती. मी तिचा फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला आणि गाणं लावलं. तिला रॉकशी देणंघेणं नाही, पण मुलगी रात्री दोन दोन वाजेपर्यंत नेमकं काय करते याची उत्सुकता होती. दुसऱ्यांदा धृपद आलं तशी ती म्हणाली, ‘हे मधेच असं का होतं गं? वाजंत्री वाजता वाजता दाराबाहेर गेल्यासारखी वाटतात.’

‘कुठे?’

‘तो ओरडायला लागतो ना, तिथे.’

हेडफोनवर तिथे काहीच होत नव्हतं. उलट धृपदात गिटार दोन्ही कानांत अशी पसरत होती की मी स्वतःवर खूश होते. पण आईच्या जुन्या फोनला स्पीकर एकच, तोही खाली. म्हणजे डावं-उजवं एकत्र होऊन बाहेर येतं. रीपरमध्ये मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) मोनो, म्हणजे डावं-उजवं एक करायचं बटण, दाबलं आणि पोटात गोळा आला. आई म्हणत होती ते शब्दशः खरं होतं.

पाप माझंच. गिटारचा टेक (एकदा वाजवून घेतलेलं रेकॉर्डिंग) एकच होता. त्याची कॉपी करून एक पूर्ण डावीकडे, दुसरी पूर्ण उजवीकडे टाकली होती आणि उजवी १२ मिलिसेकंद मागे सरकवली होती. अशाने आवाज रुंद वाटतो, हे कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेलं. रुंद वाटतो हे खरंच आहे. पण दोन्ही बाजू एकत्र आल्या की १२ मिलिसेकंदांच्या फरकाने काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात. पहिला खड्डा साधारण ४२ हर्ट्झला, पुढचा १२५ला, मग २०८ला, असे दर ८३ हर्ट्झवर. एखाद्या फणीचे दात असावेत तसे.

आता गंमत बघा. गिटारची खालची ई तार ८२.४ हर्ट्झ. ती बरोबर दोन खड्ड्यांच्या मधल्या उंचवट्यावर बसते, म्हणून कडव्यातला ई वरचा रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) मोनोमध्येही ठणठणीत होता. धृपद मात्र बी वर जातं. पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवरचा बी, १२३.५ हर्ट्झ, म्हणजे थेट खड्ड्यात. हिशोब मांडला तर मूळ स्वर तिथे जवळजवळ २५ डीबीने (डेसिबलने) पडतो. शिवाय त्याचा तिसरा हार्मोनिकही (मूळ स्वराच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा उपस्वर) पुढच्या एका खड्ड्याच्या काठावर येतो. गाणं जिथे फुटायला हवं तिथेच गिटारचं पोट गायब. मी १० मिलिसेकंद निवडले असते तर दुसराच कुठला तरी कॉर्ड मेला असता.

उपाय एकच, तो म्हणजे दुसरा टेक. रविवारी गिटारवाल्याला पुन्हा बोलावलं आणि चहा-भडंगाच्या मोबदल्यात सगळे रिफ परत वाजवून घेतले, या वेळी गेन थोडा कमी आणि पिकअप दुसरा. माणूस दोनदा वाजवतो तेव्हा दर फटका इकडेतिकडे सरकतो, तारेवरचा दाब बदलतो, त्यामुळे ठरावीक खड्डे पडत नाहीत. आता मोनोत गिटार थोडी मागे जाते, पण बी शाबूत राहतो.

यामाहाचे ते पांढऱ्या कोनचे एनएस-१० स्पीकर १९७८मध्ये घरगुती वापरासाठी आले आणि पुढे स्टुडिओवाल्यांनी डोक्यावर घेतले, कारण ते दोष लपवत नाहीत. माझे एनएस-१० सध्या आईच्या फोनमध्ये आहेत.

दुसरा कान गणपतीत आणि लग्नांत साउंड लावणाऱ्या एका दादांचा. त्यांनी इअरफोन लावले, डोळे मिटले आणि पहिल्या आठ मात्रांतच म्हणाले, ‘ताई, स्नेअर पत्र्यासारखा वाजतोय. फेज उलटा करून बघ की.’ मी त्यावर इक्यूचे (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करायचं साधन) चार पट्टे लावून बसले होते, २०० हर्ट्झला फुगवत होते, तरी तो काही भरत नव्हता. स्नेअरच्या ट्रॅकवर फेजचं, म्हणजे लाट खालची वर करणारं, बटण दाबलं आणि ढोल पडल्यासारखा आवाज खोलीत आला. चारही पट्टे काढून टाकले.

कारण नंतर टेपने मोजून कळलं. ओव्हरहेड स्नेअरपासून साधारण एक मीटर वर होते. तेवढं अंतर कापायला आवाजाला २.९ मिलिसेकंद लागतात. स्नेअरचं अंग २०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे एक लाट पाच मिलिसेकंदांची. खालच्या माइकमध्ये लाट वर जात असताना ओव्हरहेडमध्ये ती जवळपास खाली येत होती. मी जे इक्यूने भरत होते, ते दोन माइक मिळून परत रिकामं करत होते.

सगळेच सल्ले असे लागू पडले नाहीत. बरीच वर्षं मिक्सिंग करणाऱ्या एका ओळखीच्यांनी लिहून पाठवलं: आवाज गिटारच्या मागे लपतोय, गाण्याला तीन किलोहर्ट्झवर तीन डीबी दे. दिले. आवाज पुढे आला, पण ‘स’ आणि ‘च’ कानात टोचायला लागले. दोन दिवस तसंच ठेवलं, माणूस अनुभवी म्हणून. मग उलटं करून पाहिलं: गाण्याला हात न लावता दोन्ही गिटार २.८ किलोहर्ट्झजवळ अडीच डीबीने खाली घेतल्या. आवाज आपोआप मोकळा झाला. दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं होतं, गोळी मात्र दुसऱ्याच पेशंटची होती. तेव्हापासून वहीत दोन रकाने करते, ‘काय खटकतं’ आणि ‘काय करायला सांगितलं’. पहिला रकाना झाडून सगळा तपासते. दुसरा सवडीने.

एक फसगतही नोंदवते. चौथी आवृत्ती तिसरीपेक्षा सगळ्यांनाच आवडली. मलाही. नंतर मीटर पाहिला तर ती दोन डीबीने मोठी होती, बस्स. आता दोन आवृत्त्या पाठवायच्या आधी दोन्हींची एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) एका पातळीला आणते. तुलनेला घेतलेलं तयार गाणंही खाली ओढते. ते उणे आठला आणि माझा मिक्स उणे अठराला, म्हणजे तब्बल दहा डीबी. तसं केल्याशिवाय तुलना करणं म्हणजे स्वतःला रोज कानफटवून घेणं.

बेस अजून सुटलेला नाही. आईच्या फोनवर तो मुळात ऐकूच येत नाही. ४१ हर्ट्झचा ई तेवढ्याशा स्पीकरमधून येणार तरी कसा! बेसची कॉपी करून तिला थोडं डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट) दिलंय, ७०० हर्ट्झच्या वरचंच ठेवलंय आणि मूळ बेसखाली हळूच मिसळलंय. या वेळी कॉपी जागेवरून हलवलेली नाही, मोनोत दोनदा तपासलं. फोनवर आता बेसची चाल तरी कळते. हेडफोनवर मात्र तो घोगरा वाटतो. कुणी हे नीट जमवलं असेल तर किती मिसळता ते सांगा.

पाचवी आवृत्ती शनिवारी दादांना पाठवली. रात्री दीड वाजता कुठल्याशा वरातीतून त्यांचा व्हॉइस मेसेज आला, मागे जनरेटरची घरघर.

‘स्नेअर एक नंबर झालाय ताई. आवाज पण पुढं आलाय. पण पोरगं म्हणतंय काय, शब्दच कळंना की.’