कोस्टल रोड: आधी गाडीतून, मग वरळीच्या बंदरावरून

मुंबईचा कोस्टल रोड पाहायचा तर प्रिन्सेस स्ट्रीट पुलापासून टॅक्सी करा. दुचाकी आणि रिक्षांना इथे बंदी आहे. टोल मात्र नाही. गिरगाव चौपाटीपाशी गाडी बोगद्यात शिरते आणि मलबार हिलखालून २.०७ किलोमीटर जाऊन प्रियदर्शिनी पार्कपाशी बाहेर येते. आत ६० ची वेगमर्यादा, म्हणजे दोन मिनिटांचा प्रवास. मे २०२४ मध्ये सांध्यांतून पाणी झिरपलं ते शेजारच्या, दक्षिणेकडे येणाऱ्या जुळ्या बोगद्यात.

पुढचा रस्ता समुद्रात भराव घालून केलाय, हे गाडीतून कळतच नाही. म्हणून मी प्रियदर्शिनी पार्कपाशी उतरून समुद्राकाठच्या पदपथाने चालायला सांगेन, तेही सकाळी, कारण सावली जवळजवळ नाही. पायाखालची जमीन २०१८ पर्यंत समुद्रात होती. एकूण १११ हेक्टर भराव. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्राची परवानगी रद्द करून काम थांबवलं. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरची कालवं वेचून ज्यांची चूल पेटायची, त्यांचे खडकच भरावाखाली गेले. पदपथ छान झालाय, हेही खरं.

वादाचं खरं ठिकाण वरळी कोळीवाड्यातलं क्लीव्हलँड बंदर. कोस्टल रोड वांद्रे-वरळी सी लिंकला जोडणारा पूल इथून दिसतो आणि होड्यांना त्याच्याच खांबांमधून समुद्रात जावं लागतं. मूळ आराखड्यात दोन खांबांत ६० मीटर अंतर होतं. कागदावर ते ऐसपैस वाटतं. पण खांबांची जाडी त्यातच जाते, उधाणात होडी आडवी सरकते, समोरून दुसरी होडी येते आणि त्यात इंजिन बंद पडलं तर लाट थेट खांबावर नेते. कोळ्यांनी काम अडवलं, २०० मीटरपर्यंत अंतर मागितलं. शेवटी सातव्या आणि नवव्या खांबामधला आठवा गाळून १२० मीटर मिळाले. माझ्या मते सगळ्या रस्त्यात पाहण्यासारखं हेच, आणि ८० च्या वेगाने पुलावरून जाणाऱ्याला तेवढंच दिसत नाही.

कोळीवाड्याच्या गल्ल्या अरुंद आहेत, गाडी बाहेरच ठेवा. निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ पाहा: भरती चढत असताना गेलात तर होड्या खांबांमधून कशा काढतात ते नीट दिसतं.