सशांचं रक्त आणि ५७ महिने

आज राजवाड्यापाशी भाची भेटली. पीएचडी करतेय. म्हणे, "मामा, संशोधनात खोटे आकडे बनवले तरी फार तर छापलेला पेपर मागे घेतात." मग तिला डाँग-प्यो हान सांगितला. अमेरिकेतल्या आयोवाचा संशोधक. एचआयव्हीची लस चालतेय असं भासवायला या पठ्ठ्यानं सशांच्या रक्तात माणसाच्या अँटिबॉडी मिसळल्या! २०१५ मध्ये ५७ महिने कैद, वर सुमारे ७२ लाख डॉलरची भरपाई. गुन्हा कोणता? सरकारी अनुदानासाठी खोटी माहिती दिल्याचा. मेख तिथंच आहे.

आपल्याकडे यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१८चा नियम वाङ्मयचौर्यावर. दुसऱ्याच्या लिखाणाशी ६० टक्क्यांवर साम्य असेल तर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द. पण घरी रचलेले आकडे कुणाशी जुळणार? इंदूरच्या वकील मंडळींनो, अनुदान लाटलं तर सरळ फसवणुकीचं कलम का लावू नये?