निकाल पानावर पोचेपर्यंत: हौशी सायकल शर्यतीच्या प्रसिद्धीची नोंदवही

शर्यतीला ६ आठवडे

माध्यमांची यादी पूर्ण. प्रेस नोटचा तिसरा मसुदा चालू. निकालाचा साचा अर्धा झालाय, फोटोंची व्यवस्था अजून कच्ची.

आधी यादीबद्दल. यादीत वर्तमानपत्रांची नुसती नावं नकोत, माणसं हवीत: क्रीडा पान बघणारा उपसंपादक, शहर पानाचा बातमीदार, फोटोग्राफर, रेडिओवरचा सकाळच्या कार्यक्रमाचा निर्माता, स्थानिक वाहिनीचा प्रतिनिधी. प्रत्येकापुढे पाच रकाने: मजकूर कसा हवा (ईमेल की व्हॉट्सॲप), फोन कधी केलेला चालतो, शेवटचं काय पाठवलं, काय छापून आलं, आणि सगळ्यात मोलाचा रकाना, पान किती वाजता लागतं (छपाईसाठी पूर्ण होतं). हा शेवटचा रकाना भरल्याशिवाय यादी पूर्ण मानू नका. हौशी शर्यतीची बातमी बहुतेक वेळा पडते ती सायकलिंगला कुणी कमी लेखतं म्हणून नाही. मजकूर हाती येतो तेव्हा पान लागून गेलेलं असतं म्हणून. शर्यत सकाळी ९ ला संपते, बक्षीस समारंभ, आवराआवर, मग घरी जाऊन निवांत लिहिलेला मजकूर रात्री ९ ला जातो. तोवर जागा मोठ्या सामन्यांनी धरलेली असते. तोच मजकूर दुपारी १२ च्या आत गेला तर डेस्कला (पानं लावणाऱ्या उपसंपादकांना) जागा ठेवता येते.

फोन सकाळी ११ ते १ च्या दरम्यान करावा. संध्याकाळी पानं लावायची घाई असताना केलेला फोन पुढच्या वेळीही नडतो.

शर्यतीला ४ आठवडे: मसुदा

पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती: "सायकलप्रेमींच्या उदंड प्रतिसादात भव्य सायकल स्पर्धा उत्साहात संपन्न." या वाक्यातला एकही शब्द सायकल शर्यतीचा नाही. "सायकल" काढून "रांगोळी" घाला, वाक्य तसंच चालतं. विजेता सहाव्या ओळीत आणि त्याच्या आधी व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं. बातमी जागेअभावी कापली जाते ती खालून. म्हणजे विजेताच उडणार.

तिसऱ्या मसुद्याचा साचा: "शेवटच्या २०० मीटरमध्ये चौघांना मागे टाकत (पूर्ण नाव) यांनी ८४ किलोमीटरची रस्ता शर्यत २ तास ६ मिनिटांत जिंकली." पुढच्या वाक्यात दुसरा, तिसरा आणि त्यांच्यातलं अंतर. तिसऱ्यात विजेता काय करतो: शिक्षक, लाइनमन, नर्स, जे असेल ते. हौशी शर्यतीची खरी ताकद इथेच आहे. दिवसभर नोकरी करून ताशी ४० च्या वेगाने ८४ किलोमीटर मारणारा माणूस वाचकाच्या गल्लीतला असतो, आणि व्यावसायिक संघांच्या बातमीत हे कधीच मिळत नाही. आयोजक, सहकार्य, प्रायोजक हे सगळं शेवटच्या एका ओळीत. एकूण मजकूर १५० ते २०० शब्द. युनिकोडमध्ये टाइप केलेला, थेट ईमेलमध्ये. पीडीएफ किंवा लेटरहेडचा फोटो पाठवला तर डेस्कवर कुणाला तरी तो पुन्हा टाइप करावा लागतो. घाईच्या वेळी तो बाजूलाच पडतो.

सरासरी वेग स्वतः काढून द्या. २ तास ६ मिनिटं म्हणजे २.१ तास, सरासरी ताशी ४० किलोमीटर. घाईत कुणी २.०६ ने भागलं की ४०.८ छापून येतं, आणि मग ते कायमचं चिकटतं.

"शर्यत" हा शब्द मसुद्यात पहिल्या ओळीत आणि मथळ्यात दोन्हीकडे ठेवलाय. नाहीतर "सायकल रॅली" छापून येतं, कधी "सायकल मॅरेथॉन". उलट दिशेची चूकही सांभाळायची असते: ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल सफर) ही शर्यत नव्हे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत पूर्ण केले की झालं, तिथे क्रमांकच नसतो. पहिला पोचलेल्याला "विजेता" म्हणणारी बातमी त्या मंडळींना मनापासून खटकते, आणि बरोबरच आहे.

प्रवेशअर्जात दोन बदल

अर्जात आता नाव देवनागरीत लिहायला वेगळी चौकट आहे. रोमन लिपीतली यादी आयत्या वेळी देवनागरीत आणताना काळेंचं काले होतं, शेटेंचं शेते. नाव चुकलं की ती बातमी त्या घरात कुणी जपून ठेवत नाही. दुसरी भर म्हणजे व्यवसाय आणि राहण्याचं ठिकाण, एवढंच. १८ वर्षांखालच्या स्पर्धकांसाठी नाव आणि फोटो प्रसिद्ध करायला पालकांची लेखी परवानगी अर्जावरच घ्यायची. परवानगी नसेल त्यांच्या बिब क्रमांकापुढे (जर्सीवर लावायच्या क्रमांकापुढे) यादीत खूण, आणि ती यादी फोटोग्राफरकडेही.

शर्यतीला २ आठवडे: रस्ता

क्रीडा पानाच्या मागे सगळे लागतात, पण हौशी शर्यतीची सर्वात हमखास बातमी शहर पानावर लागते: कुठला रस्ता किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बंद आणि पर्यायी मार्ग कोणता. ही वाचकाच्या थेट उपयोगाची माहिती आहे. परवानगी हातात आली की त्याच दिवशी एक पानाची वेगळी नोट आणि साधा नकाशा: शर्यतीचा मार्ग एका जाड रेषेत, पर्यायी मार्ग तुटक रेषेत, चौकांची नावं लोक म्हणतात ती. पहिली नोट दहा दिवस आधी, आठवण आदल्या दिवशी सकाळी. हे केलं नाही तर लोकांना शर्यत कळते ती अडकल्यावर. मग बातमी येतेच, पण तक्रारीची, आणि पुढच्या वर्षीच्या परवानगीच्या फाइलला तेच कात्रण लागतं.

मार्गाची निवडही प्रसिद्धीला लागू पडते. १.२ किलोमीटरच्या फेरीची क्रायटेरियम (छोट्या बंद फेरीवर पुन्हा पुन्हा फिरायची शर्यत) असेल तर ताशी ४० ने घोळका दर १०८ सेकंदांनी समोरून जातो. फोटोग्राफरला तासाभरात तीसेक संधी. लांब रस्ता शर्यतीत एकच, आणि ती हुकली की संपलं. शक्य असेल तिथे रस्ता शर्यतीचा शेवट छोट्या फेऱ्यांवर ठेवावा.

शर्यतीला १ आठवडा: कॅमेरा आणि रेषा

अंतिम रेषेची मापं आंतरराष्ट्रीय नियमाची घेतलीत: ७२ सेंटीमीटर रुंद पांढरा पट्टा, त्याच्या मधोमध ४ सेंटीमीटरची काळी रेषा, दोन्ही बाजूंना ३४ सेंटीमीटर पांढरं. फोटोत ही रेषा उठून दिसते. खडूची फिकट रेघ असेल तर जिंकण्याचा क्षण नुसता गर्दीचा फोटो होतो.

क्रमांक ठरतो पुढच्या चाकाच्या टायरची कड रेषेच्या कडेला पोचते त्यावर. डोकं किंवा हात कुठे आहेत त्याचा संबंध नाही. स्प्रिंट (शेवटची जोरदार मुसंडी) ताशी ६० ची धरली तर सायकल सेकंदाला १६.७ मीटर जाते. सेकंदाला ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओत एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत ती जवळजवळ ५६ सेंटीमीटर सरकते, एवढ्यात तिघांचे क्रमांक बदलतात. २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये हे अंतर ७ सेंटीमीटरवर येतं. फोन ट्रायपॉडवर, बरोबर रेषेच्या टोकाशी, रेषेच्या दिशेने रोखलेला. एक पाऊल जरी पुढे-मागे झाला तर लांबच्या कडेचा स्पर्धक उगाच पुढे किंवा मागे दिसतो. हे सगळं पंचांचं काम वाटेल, पण घाईत चुकीचा दुसरा क्रमांक माध्यमांकडे गेला तर खुलासा छापून आणायला दहापट कष्ट पडतात.

फोटोग्राफर रेषेच्या पुढे किमान २० मीटर, कडेला, अडथळ्याच्या मागे. रेषा ओलांडल्यावर कुणी लगेच ब्रेक मारत नाही. शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद: एवढ्या वेळात सायकल पावणेदोन सेंटीमीटर हलते, १/२५० ला जवळजवळ ७, आणि बाजूने काढलेल्या फोटोत ते थेट दिसतं. पॅनिंग (सायकलीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो) करायचं तर १/६० ते १/१२५, पण ते शर्यतीच्या मध्यावर, शेवटी कधीच नाही.

तीनच फोटो पाठवायचे: विजयाचा क्षण, वळणावरचा घोळका, विजेत्याचा चेहरा. व्यासपीठावर ढाल घेऊन उभ्या बारा जणांचा फोटो सायकल न दिसताच संपतो. लांब बाजू २५०० पिक्सेलच्या आसपास. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून; फोटो म्हणून गेला की तो दाबला जातो आणि छापताना फुटतो. फोटोओळ फाइलच्या नावात नको, मजकुरात हवी: डावीकडून कोण, पूर्ण नावासह.

शर्यतीचा दिवस

एका माणसाकडे फक्त माध्यमं. तो ध्वज दाखवत नाही, पाणी वाटत नाही, सूत्रसंचालन करत नाही. त्याच्याकडे स्टार्ट लिस्ट (स्पर्धकांची क्रमांकांसह यादी), चार्जर, साचा भरलेला लॅपटॉप. पंचांनी निकालावर सही केली की २० मिनिटांत पहिले तीन क्रमांक आणि एक फोटो, दोन तासांत पूर्ण मजकूर. सही होण्याआधी काहीही जात नाही.

निकाल लिहिताना एकाच घोळक्यात आलेल्यांना तीच वेळ दिलेली असते. डेस्कवर ती टायपिंगची चूक समजून कापली जाते, म्हणून मजकुरात वाक्यच घातलंय: "पाठोपाठ आलेल्या घोळक्याला नियमानुसार एकच वेळ दिली जाते."

वाहिनीसाठी आडव्या चौकटीत ८ ते १० सेकंदांच्या सुट्या क्लिप, संगीत न लावता, साखळीचा आणि लोकांचा मूळ आवाज ठेवून. विजेत्याची बाईट (कॅमेऱ्यासमोरची छोटी प्रतिक्रिया) २० सेकंदांची, पाठीमागे सायकली. प्रश्न "कसं वाटतंय" असा नको, "शेवटच्या वळणावर तुम्ही कितवे होतात?" असा विचारला की माणूस शर्यत सांगायला लागतो.

अपघात झाला तर बोलणारा एकच. किती जण पडले, कुठे उपचार चालू आहेत, शर्यत थांबवली की चालू ठेवली, एवढंच. घरच्यांना कळवल्याशिवाय जखमीचं नाव नाही, कारणाचा अंदाज तर मुळीच नाही.

सध्या अडलेलं

महिलांची शर्यत सकाळी ६.३० ला ठेवली जाते आणि फोटोग्राफर ८ ला पुरुषांच्या शेवटाला येतो. वर्षानुवर्षं महिला विजेतीचा फोटो न येण्याचं कारण एवढं साधं आहे. वेळापत्रक बदलून दोन्ही शेवट २० मिनिटांच्या अंतरात आणायचं ठरतंय. मार्शल (रस्त्यावर उभे राहणारे स्वयंसेवक) तेच राहतात, रस्ताही तेवढाच वेळ बंद. मजकुरात दोन्ही निकाल पहिल्याच परिच्छेदात.

दुसरं, मालिका. सायकल शर्यत आणि वर्तमानपत्र यांचं नातं जुनं आहे: १९०३ ची पहिली टूर द फ्रान्स 'लोटो' या दैनिकाने खप वाढवायला भरवली, १९०९ ची पहिली जिरो (इटलीची मोठी शर्यत) 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त'ने. पिवळी आणि गुलाबी जर्सी आली ती त्या पत्रांच्या कागदाच्या रंगावरून. टप्प्याटप्प्याने नवा निकाल आणि बदलती क्रमवारी असली की वाचक उद्याचा अंक घेतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सुट्या चार शर्यतींना गुणतक्त्याने जोडलं तर प्रत्येक बातमीला मागची कडी मिळते आणि बातमीदाराला पुढच्या तारखेचं कारण. पहिल्या दहांना २०, १७, १५, १३, ११, ९, ७, ५, ३, १ असा तक्ता करून पाहिलाय. एक शर्यत हुकलेला स्पर्धक स्पर्धेबाहेर पडू नये म्हणून चारपैकी उत्तम तीन धरायचे की चारही, यावर अजून एकमत नाही. उत्तम तीन धरले तर शेवटच्या शर्यतीआधी कोण आघाडीवर आहे हे एका ओळीत सांगता येत नाही, आणि डेस्कला तीच एक ओळ हवी असते. म्हणून सध्या कल चारही धरण्याकडे आहे. तक्ता पक्का झाला की निकालाचा साचा पुन्हा बदलावा लागेल.